नऊ नंबरला वेळ लागतो

बाळाला कोण सांभाळणार हा प्रश्न शनिवारी संध्याकाळी मामाच्या गाडीतून उतरला आणि रविवारी सकाळपर्यंत त्याने घरातली सगळी माणसं दोन बाजूंना वाटून टाकली. बाळ स्वतः कुठल्याच बाजूला नव्हतं. सात महिन्यांचं ते. ज्याच्या मांडीवर असेल त्याच्या पक्षात.

मामीची रजा महिनाअखेर संपत होती. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि तिचं हॉस्पिटल इथून गाडीने चार तासांवर. मामाचं म्हणणं सोपं होतं: आजीने वर्षभर त्यांच्याकडे येऊन राहायचं. आजोबा ओघानेच येतील. आजोबांनी तर आठवड्यापूर्वीच फोनवर शब्द देऊन टाकला होता, "येते की ती. रिकामीच आहे." फक्त ही गोष्ट 'ती'ला सांगायची राहून गेली होती. तिला ती शनिवारी जेवताना कळली.

"कोण रिकामी आहे?" एवढंच आजीने विचारलं आणि सगळ्यांना भात वाढला. आजोबांना जरा कमीच वाढला, हे मी पाहिलं.

रविवारी आठला पाच मिनिटं असताना आजी पॅसेजमधल्या छोट्या टेबलाशी जाऊन बसली. चष्मा, पाण्याचा पेला, कानाला लावायचा हेडफोन आणि बारा कार्डं. चौतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. बोर्ड गेले, बटणं आली, शेवटी एक्स्चेंजही गेलं, पण आजीचं ते बसणं काही गेलं नाही: पाठ ताठ, डावा हात फोनवर, उजव्या हातात पेन्सिल.

दवाखान्याची एक योजना आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करायचा. उठलात का, गोळी घेतलीत का, बरं आहे ना. पगार नाही, जायचं-यायचं भाडं नाही, वर्षातून एकदा चहा. कुणी फोन उचलला नाही तर पाच-पाच मिनिटांनी तीनदा करून बघायचं, आणि तरीही उचलला नाही तर ज्या शेजाऱ्याकडे किल्ली असते त्याला सांगायचं. आजीच्या वाट्याला बारा जण. कार्डांवर नावं नाहीत, एक ते बारा नंबर. खाली तिच्या मुंगीएवढ्या अक्षरात सूचना: 'तीन – आधी मांजराची चौकशी.' 'पाच – मुलाबद्दल आपण विचारायचं नाही.' नावं का नाहीत, असं मी एकदा विचारलं होतं.

"घरात डोळे असतात म्हणून," आजी म्हणाली होती. "ऑपरेटरने जोडून द्यायचं. ऐकलेलं बोलायचं नाही."

निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात आजीने हे काम शोधून काढलं. आजोबांना निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण ते अजून निवृत्तच होताहेत. कारखान्यात फोरमन होते. अजूनही सकाळी सातला बूट घालून गॅलरीत उभे राहतात, कारखान्याचा भोंगा वाजला की घड्याळ बघतात, भोंगा मागे असला तर चिडतात, आणि मग बूट काढून पेपर घेऊन बसतात. झाला दिवस.

इथे कारखान्यातली एक जुनी गोष्ट सांगायला हवी, थोडक्यात. मोठे आजोबा, म्हणजे आजोबांचे सख्खे थोरले भाऊ, त्याच कारखान्यात, आजोबांच्याच हाताखाली लेथ चालवायचे. बारा वर्षांपूर्वी कारखान्याने माणसं कमी करायचं ठरवलं. प्रत्येक फोरमनने आपल्या खात्यातली सहा नावं द्यायची, त्यांना मुदतीआधी घरी पाठवणार. आजोबांनी सहावं नाव भावाचं दिलं. वयाने सगळ्यात मोठे तेच होते, त्यामुळे नियमाने बरोबरच. मोठे आजोबा दोन वर्षं आधी घरी बसले आणि त्या दिवसापासून त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नाही. "भावाला वगळलं असतं तर लोकांनी काय तोंडात शेण घातलं नसतं?" असं आजोबा विचारतात. कुणाला विचारतात ते माहीत नाही, कारण उत्तर कुणी देत नाही.

तर रविवार. आजी पॅसेजमध्ये, आम्ही शेजारच्या खोलीत टेबलाभोवती, मध्ये दार सताड उघडं.

"आई, वर्षाचाच तर प्रश्न आहे," मामाने दाराकडे बघत सुरुवात केली.

आजीने एक बोट वर केलं. "नमस्कार, एक नंबर? झोप लागली का? ... हो का? ... मग ती उशी फेकूनच द्या." टिकमार्क. "बोल."

"म्हटलं, वर्षाचाच–"

"नमस्कार, दोन नंबर?"

"हे असं बोलणं होणार का?" मामा आईकडे वळला. "ताई, तू तरी सांग तिला."

आई शाळेत गणित शिकवते आणि घरीही गणितच शिकवते. "मी काय सांगू? तिला जायचं नसेल तर नाही जायचं. तुम्ही पाळणाघर बघा."

"सात महिन्यांचं आहे गं ते!"

"मग तू रजा घे."

"मी?" मामाने असं विचारलं, जणू कुणी त्याला बाळाला दूध पाजायला सांगितलं होतं. "खरं सांगू ताई, तुझी मुलगी शाळा सुटल्यावर इथे येते ना, त्याची ही काळजी."

"माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिला सांभाळायला कुणी लागत नाही."

"मग येते कशाला रोज?"

"खायला," मी म्हटलं.

आजोबा हसले, मामा हसला आणि आई चिडली. चिडली की आई पक्ष बदलते, हा आमच्या घरातला जुना नियम. "ने बाबा, ने. उद्या ने. माझ्यामुळे अडलं असं नको. आई, जा गं तू, बारा अनोळखी माणसांना दवाखाना दुसरं कुणी तरी देईल."

आजीने चार नंबरला टिकमार्क केली आणि मान वळवून आईकडे बघितलं. पाच नंबर लावला.

आतल्या खोलीत मामी बाळाला भरवत होती आणि सगळं तिच्या कानावर पडत होतं. तिने मला हे नंतर सांगितलं. मामी मला बरंच सांगते. तिला वाटत होतं, उठावं आणि बाहेर जाऊन म्हणावं की मला कुणीच नको. पण पेशंटना ताठ उभं करणाऱ्या बाईला स्वतःच्या सासरी उभं राहून बोलायला अजून जमत नव्हतं. शिवाय खरोखरच कुणी तरी हवं होतं. दोन पाळणाघरं बघून ती रडत परत आली होती. म्हणून ती गप्प बसून चमचा भरवत राहिली, जरा जास्तच भरवला, आणि बाळाने ते सगळं तिच्या अंगावर परत केलं.

एकच ओरडा झाला. मामा टॉवेल शोधायला चुकीच्या कपाटाकडे धावला. आजी सहा नंबरला "सांभाळून राहा" म्हणून उठली, मामीच्या हातातून बाळ घेतलं आणि न्हाणीघरात गेली. आई मागोमाग. मामी कपडे बदलायला.

टेबलाशी उरलो आजोबा आणि मी. आजोबांनी पॅसेजकडे बघितलं.

"सहा झाले. राहिले सहा. ह्यात काय आहे? आपण उरकून टाकू. मग ती निवांत बसेल आणि एकदाचं ठरेल." उठून ते आजीच्या खुर्चीत बसलेसुद्धा. "तू टिकमार्क कर."

मी 'नको' म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर आजोबांना इतक्या उत्साहाने काही करताना मी कितीतरी दिवसांनी बघत होते. मी पेन्सिल उचलली.

चाळीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी हेडफोन बाजूला सारला आणि स्पीकरचं बटण दाबलं.

"सात नंबर!"

"...हजर," पलीकडून एक बाई घाबरून म्हणाल्या.

"गोळी घेतली?"

"घेते, आत्ता घेते."

"आत्ता नाही, आधी घ्यायची! ठेवतो."

आठ नंबरच्या आजोबांनी गुडघ्याचं गाऱ्हाणं सुरू केलं. त्यांना जिना चढ-उतार करायचा हुकूम मिळाला. मी घड्याळ बघितलं. दोघे मिळून दीड मिनिटात संपले होते.

"बघ," आजोबा खुशीत म्हणाले. "हिला एकेकाला दहा मिनिटं लागतात. कामाची पद्धत नाही. लाव पुढचा."

नऊ नंबरच्या कार्डावर लिहिलं होतं: 'लगेच बोलत नाहीत. थांबायचं. आपण मध्ये बोलायचं नाही.' मी ते मोठ्याने वाचलं. आजोबांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि सोडून दिलं.

फोन उचलला गेला. आवाज नाही, फक्त श्वास.

"हॅलो! नऊ नंबर? कोण बोलतंय? अहो, बोला की! हॅलो!"

श्वास.

"आजोबा, थांबायचं लिहिलंय–"

"किती थांबायचं? लाइन खराब आहे." ठेवला. लगेच पुन्हा लावला. पुन्हा श्वास, पुन्हा "हॅलो, हॅलो". तिसऱ्यांदाही तेच. पाच-पाच मिनिटं वगैरे काही नाही. दोन मिनिटांत तिन्ही प्रयत्न निकालात. "उत्तर नाही. फुली मार. किल्ली कुणाकडे आहे?"

कार्डाच्या मागे शेजाऱ्यांचा नंबर होता. आजोबांनी त्यांना खणखणीत आवाजात सांगितलं की नऊ नंबर उत्तर देत नाहीत, ताबडतोब दार उघडून बघा. शेजारी चपला न घालताच पळाले असावेत, तसा आवाज आला.

ओल्या बाह्यांनी आजी बाहेर आली तेव्हा आजोबा खुर्चीत मागे रेलले होते. "तीन उरलेत. एक जरा गडबडीचा निघाला, पण त्याची व्यवस्था लावली."

आजीने कार्डं बघितली. आजीचा चेहरा कधी बदलत नाही. वादळात लाइनी पडल्या तेव्हाही बदलला नव्हता म्हणतात. त्या फुलीवर तिची नजर गेली आणि तो बदलला.

"नऊला कुणी केला फोन?"

"मीच. अगं, तो बोलतच नाही, नुसता–"

"तुमच्या आवाजात?"

आता हा काय प्रश्न झाला? माणूस दुसऱ्या कुणाच्या आवाजात करणार? पण आजीने त्यांना खांद्याला धरून खुर्चीतून उठवलं. मी आजीला कधी कुणाला हात लावून उठवताना पाहिलं नव्हतं. ती नंबर लावणार, तेवढ्यात फोनच वाजला. स्पीकर चालूच होता.

"अहो ताई, किल्लीवाला बोलतोय. हे ठीक आहेत. खुर्चीत बसलेत. पण लावून द्या म्हणून हट्ट धरलाय. देतो."

मग शांतता. आई बाळाला टॉवेलात गुंडाळून दारात आली, तिच्यामागे मामी, मामा. आजीने हाताचा पंजा वर केला: थांबा. सगळे थांबले. बाळसुद्धा.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग एक जाड, ओढल्यासारखा आवाज आला. एकेक शब्द जणू विहिरीतून वर खेचून काढत होते.

"कोण... होता... तो... घायकुता?"

आजोबांचा हात टेबलाच्या कडेवर होता. तो तिथेच घट्ट झाला. बारा वर्षं ऐकला नसला तरी आपल्या भावाचा आवाज माणूस विसरत नाही. आणि हा आवाज पूर्वी असा नव्हता. कारखान्याच्या गेटवरून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जायची, असा आवाज होता त्यांचा.

"हे झटका येऊन गेल्यावरचं बोलणं आहे," मामी हळूच म्हणाली. "केव्हा आला होता?"

"दोन वर्षं होतील," आजी म्हणाली.

"दोन वर्षं!" आईला ते सहन झालं नाही. "मोठे काका आजारी आहेत, तू रोज त्यांच्याशी बोलतेस, आणि आम्हाला–"

"त्यांनी सांगितलं होतं, घरात कळू द्यायचं नाही. त्यांची गोष्ट आहे, ती मी कशी वाटणार?"

आजोबा फोनवर वाकले. "दादा," ते म्हणाले. मग पुढचं वाक्य सापडेना. पुढचं वाक्य पाठ करायला बारा वर्षं मिळाली होती, तरीही. "दादा, मला माहीत नव्हतं रे. मी आपला घाईने... लाइन खराब आहे असं वाटलं, म्हणून मी–"

आजीने त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं. ते गप्प झाले. आणि थांबले. मी त्यांना कुणासाठी असं थांबताना पहिल्यांदाच बघत होते. मान पुढे, डोळे मिटलेले, कान फोनपाशी.

"तू..." आवाज आला. "अजून... शिफ्ट... संपायच्या आधीच... भोंगा... वाजवतोस."

आजोबांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, "हो."

बस, "हो." लोक काय म्हणाले असते ते नाही, नियम नाही, काही नाही.

पलीकडे श्वास चालू होता. आम्ही सगळे त्या श्वासाकडे बघत उभे.

"उद्या... तिलाच... करू दे... फोन," मोठे आजोबा म्हणाले. आणि खूप वेळाने, "ठेव... तू."

आजोबांनी फोन ठेवला. दोन्ही हातांनी.

मग ते जाऊन टेबलाशी बसले. मामा बिचारा मध्येच उभा. त्याला वाईटही वाटत होतं आणि महिनाअखेरही दिसत होती. शेवटी म्हणाला, "आई, हे सगळं... म्हणजे समजलं मला. पण काकांपुरता फोन तू आमच्याकडूनही करू शकतेस ना? फोन काय, कुठूनही लागतो."

"लागतो," आजी म्हणाली. "आणि उरलेले अकरा? सात नंबर आता रडत बसली असेल. तिला नीट शांत करायला माझे चार दिवस जाणार." ती मामासमोर बसली. "हे बघ बाळा. मी नोकरीतून निवृत्त झाले. तुम्ही समजलात, मी मोकळी झाले, आता ज्याला लागेल त्याने उचलून न्यावी. तुझं लेकरू मला नको आहे का? सुट्टीत येईन, पंधरा दिवस राहीन, घरभर फिरवीन त्याला. पण हे काम मी घेतलंय. मला कुणी दिलेलं नाही. म्हणून कुणी काढून घ्यायचंही नाही."

"पण मग आम्ही–"

"मला आईंना न्यायचंच नाहीये," मामी म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मामीच्या अंगात आईचा ढगळ गाऊन होता, केस ओले, आणि तरीही ती ताठ उभी होती. "मला बाळासाठी स्वतःहून 'येतो' म्हणणारं माणूस हवंय. 'येते की ती' असं दुसऱ्याने परस्पर सांगितलेलं नको."

आजोबांनी मान खाली घातली.

आता पुढचं वाक्य मी का बोलले ते मलाही ठाऊक नाही. पण आजोबांचा मघाचा तो फोनवरचा उत्साह माझ्या डोक्यातून गेला नव्हता. "मग आजोबांना का नाही विचारत?"

मामा फसकन हसला. आईही हसली. आजीसुद्धा तोंड फिरवून हसली असावी, खांदे हलले. मामी हसली नाही. खुर्ची ओढून ती आजोबांच्या पुढ्यात बसली.

"बाबा, तुम्हाला लंगोट बदलता येतो?"

"साडेतीनशे माणसांच्या शिफ्टा लावायचो मी."

"हे उत्तर नाही झालं."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. "नाही येत," ते म्हणाले. "माझी दोन झाली तेव्हा मी कायम पहिल्या शिफ्टला होतो. घरी असलो तरी शिफ्टलाच होतो, असं ही म्हणते."

"म्हणते," आजीने दुजोरा दिला.

"बाळ रडायला लागलं की तासभर रडतं. का रडतंय ते सांगत नाही. घाई करून भागत नाही. जमेल?"

"माहीत नाही." ते थांबले. "पण मला यायचंय. मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे मीच विचारलं नव्हतं. ही इथे राहील, मी तिकडे येतो. तुझी हरकत नसेल तर."

"अहो, एकटे?" आई म्हणाली. "सदुसष्ट वर्षांचे आहात. स्वतःचा चहा तरी करता येतो का?"

"शिकेन."

"लोक काय म्हणतील, म्हातारा-म्हातारी दोन गावांत!" मामा अजून अर्धवट हसतच होता. आजीने त्याच्याकडे असं बघितलं की ते अर्धवट हसूही विझलं.

"पंधरा दिवस बघू," मामी म्हणाली. "नाही जमलं तर मी तसं तोंडावर सांगेन."

"प्रोबेशन तीन महिन्यांचं असतं," आजोबा म्हणाले.

"माझ्याकडे पंधरा दिवसांचं आहे."

"ठीक."

"मग आत्तापासून सुरू करा. ते ओलं झालंय."

बाळाला टेबलावर टॉवेलात ठेवलं. मामीने कोरडा लंगोट त्यांच्या हातात दिला आणि हाताची घडी घालून बाजूला उभी राहिली. आजोबांनी बाह्या सारल्या. एखाद्या नव्या यंत्राकडे बघावं तसं सगळीकडून बघून घेतलं. बाळाने लाथ मारली. आजोबांनी पाय धरला, दुसरा सुटला. तो धरला, तर पहिला सुटला. आई पुढे सरकली, "द्या इकडे, मी–" मामीने तिला हातानेच अडवलं. पॅसेजमध्ये आजी हेडफोन लावून सात नंबरची समजूत काढत होती. तिने एकदा वळून बघितलं, जराशी उठलीही, आणि परत बसली.

चार-पाच मिनिटांनी आजोबा सरळ झाले. कपाळावर घाम. "झालं."

मामी वाकून बघायला लागली. "मागचं पुढे आलंय. उलटा बांधलाय," ती म्हणाली. "पुन्हा."

चाळीस वर्षांत फोरमनला कुणी 'पुन्हा' म्हटलं नव्हतं.

आजोबांनी गाठ सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.